खिशात हात न घालता गोल्फचा भाव कसा वाचायचा

१४ एप्रिल २०२५, पहाटेचे पावणेपाच. अमेरिकेत तेव्हा रविवारची संध्याकाळ होती आणि ऑगस्टाला मास्टर्स ही गोल्फची मोठी स्पर्धा संपत आली होती. रोरी मॅकलरॉयने शेवटच्या, अठराव्या होलवर जेमतेम पाच फुटांचा पट (चेंडू भोकात ढकलायचा फटका) चुकवला, जस्टिन रोझशी बरोबरी झाली, आणि प्लेऑफच्या पहिल्याच होलवर बर्डी मारून (ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी) त्याने विजेत्याचा हिरवा कोट मिळवला. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या आमच्या माळ्यावर जागे असलेले चौघं एकदम ओरडले. खालून आईने काठीनं छत ठोकलं. मग उजाडायच्या आत गंगावेशीत दूध प्यायला गेलो आणि तिथंच वही उघडली.

वहीत काय होतं ते महत्त्वाचं. गुरुवारच्या फेरीनंतर मॅकलरॉय रोझच्या सात फटके मागं होता (चार दिवस रोज एक फेरी, कमी फटके तो पुढं; रोझ ६५, हा ७२), आणि त्या रात्री आमच्यातल्या बहुतेकांनी "गेला, भावा" म्हणून त्याला मोडीत काढलं होतं. बुधवारीच अंदाज लिहून वही बंद करायचा नियम नसता, तर सोमवारी पहाटे प्रत्येकानं "मी म्हटलं नव्हतं का?" म्हणून छाती काढली असती.

ही वही म्हणजे गोल्फच्या सट्ट्याचं सगळं गणित, फक्त पैसा वजा. आमच्यासारख्या गावात, जिथं फुटबॉलच्या मोसमात पाटाकडील की खंडोबा यावरून घरात दोन चुली मांडल्या जातात, तिथं अंदाज बांधायची खाज काही कमी नाही. त्या खाजेला गोल्फइतका चांगला खेळ दुसरा नाही असं माझं मत आहे. कसं करायचं ते सांगतो.

आधी कायदा, कारण तो एका परिच्छेदात संपतो

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ त्यानं देशभर बंद ठरवले. खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा जुना वादच त्यात उरला नाही. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख. बँकांना आणि पैसे फिरवणाऱ्यांनाही मनाई आहे. त्याखेरीज आपल्याकडे १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहेच. तेव्हा "परदेशातलं ॲप आहे, चालतं" असं सांगणारा जो कोणी तुमच्या ग्रुपवर असेल, त्याच्या खात्यात पैसे टाकलेत तर ते अडकल्यावर दाद मागायला जागा नाही. माझ्या ओळखीतल्या एकाचे असेच अडकले. जिंकलेले काढायला गेला तर आधी "कर भरा" म्हणून आणखी मागितले, आणि त्यानं ते भरलेही. कुणी या फेऱ्यात आधीच सापडला असेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

आमच्या वहीत प्रवेश फी नाही, पैज नाही, हरणाऱ्यानं मिसळ द्यायची असलंही काही नाही. एक जुना फेटा आहे. वर्षअखेरीस जो पहिला येतो त्याच्या घरी तो खुंटीला लागतो.

भाव म्हणजे टक्केवारी

परदेशात, इंग्लंडमध्ये विशेषतः, गोल्फवर पैसे लावणं कायदेशीर आहे आणि तिथले भाव वर्तमानपत्रांच्या क्रीडा पानांवर सर्रास छापून येतात. ते वाचायला खातं उघडावं लागत नाही. भाव तीन तऱ्हेनं लिहितात.

इंग्रजी पद्धत २०/१. म्हणजे एक लावला तर वर वीस. याची टक्केवारी काढायची तर एकाला एकवीसनं भागा: ४.७६ टक्के. दशांश पद्धतीत हाच भाव २१.०० लिहितात, तिथं सरळ एकाला एकवीसनं भागायचं. अमेरिकन पद्धतीत +२०००. शंभराला एकवीसशेनं भागा, तेच उत्तर. अमेरिकन भावापुढे वजा असेल, समजा −१५०, तर दीडशेला अडीचशेनं भागायचं: ६० टक्के. एवढं तोंडपाठ झालं की झालं. ९/२ म्हणजे १८ टक्क्यांच्या वर थोडं, १००/१ म्हणजे टक्क्याला किंचित कमी.

आता खरी गंमत. स्पर्धेतल्या सगळ्या, दीडशेच्या आसपास खेळाडूंची टक्केवारी अशी काढून बेरीज करा. जिंकणार एकच, म्हणजे बेरीज शंभर यायला हवी. येत नाही. समजा १४० आली. वरचे चाळीस हे भाव देणाऱ्या दुकानदाराचं. म्हणजे तिथं शंभर लावणाऱ्याच्या हातात सरासरीनं ७१ परत येतात, आणि ज्याला कागदावर ४.७६ टक्के दिलेत त्याची खरी शक्यता ३.४ टक्के, एकोणतीसात एक. गावाकडं वजनात मारणारा दुकानदार काट्याखाली चुंबक लावायचा म्हणतात; इथं चुंबक काट्यावर उघडाच ठेवलेला असतो, फक्त बेरीज करायचा कंटाळा लोकांना नडतो.

शिवाय दुकानदाराची ही कट सगळ्यांवर सारखी नसते. पहिल्या दोन-चार नावांवर थोडी, तळाच्या नावांवर भरमसाट. ५००/१ चा भाव पाहून "एक लावला तर पाचशे" असं वाटतं, पण तो खेळाडू दोन हजारात एकदा जिंकणारा असू शकतो. हो, बेन कर्टिस २००३ मध्ये जागतिक क्रमवारीत ३९६ वा असताना द ओपन ही ब्रिटनमधली मोठी स्पर्धा जिंकला. असली एक गोष्ट वीस वर्षं सांगितली जाते, आणि तेवढ्यावर तळाच्या नावांचा धंदा चालतो.

दोघांच्या जोडीत (दोघांपैकी कोण पुढं संपवेल एवढंच) ही कट कमी असते. दोन्हीकडे १०/११ असा भाव असेल तर प्रत्येकी ५२.४ टक्के, बेरीज १०४.८. ११० लावून १०० जिंकायचे. शंभर जोड्यांत पन्नास बरोबर आल्या तर पाच हजार आले, साडेपाच हजार गेले. नाणेफेकीइतकं बरोबर असूनही पाचशे खड्ड्यात. टिकायला शंभरात त्रेपन्न बरोबर यायला लागतात, आणि तेवढे सातत्यानं आणणारा माणूस दुकानदाराला आवडत नाही, त्याची पैसे लावायची मर्यादा लगेच खाली आणतात. पैसे न लावण्याचं माझं कारण कायद्याच्या आधीपासून हेच आहे.

गोल्फ म्हणजे खासबागेतली कुस्ती नव्हे

आपल्याकडच्या माणसाची पहिली चूक इथं होते. खासबागेत जोड लागते तेव्हा दोघंच असतात. जो भारी तो बहुतेक वेळा जिंकतो. गोल्फमध्ये दीडशे जण एकाच वेळी उतरतात आणि समोरच्याशी कुणीच लढत नाही, सगळे मैदानाशी लढतात. जगातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडूसुद्धा बहुतेक आठवड्यांत हरतो. स्कॉटी शेफलरनं २०२५ मध्ये पीजीए चॅम्पियनशिप आणि द ओपन या दोन मेजर (वर्षातल्या चार मोठ्या स्पर्धांपैकी) घेतल्या, हे वर्ष डोक्यावर घेण्यासारखं. तरी त्याच वर्षीची मास्टर्स मॅकलरॉयची आणि यूएस ओपन जे. जे. स्पॉनची.

आकड्यात सांगतो. व्यावसायिक खेळाडूची एक फेरी त्याच्याच सरासरीपासून साधारण पावणेतीन फटके इकडंतिकडं होते. समजा एक खेळाडू दुसऱ्यापेक्षा फेरीमागं पूर्ण एका फटक्यानं सरस आहे. या पातळीवर हा फरक प्रचंड. तरी एका दिवसात तो दुसऱ्याच्या पुढं राहायची शक्यता साठ टक्केच, आणि चारही दिवस धरले तर सत्तर. म्हणून आमच्या वहीत कुणी जोडीला ९० टक्के लिहिले की आमच्यातला वस्ताद विचारतो, "समोरचा लंगडतोय काय?"

वहीचं पहिलं पान: जोड्या

"कोण जिंकणार" हा प्रश्न आम्ही दुसऱ्याच वर्षी काढून टाकला. चांगली निवड केली, प्रत्येक वेळी चार टक्के शक्यतेचा माणूस शोधला, तरी सलग तीस स्पर्धांत एकही न जिंकण्याची शक्यता २९ टक्के आहे. म्हणजे वर्षभर बरोबर विचार करूनही वही कोरी राहू शकते, आणि गाढवासारखा विचार करणाऱ्याला एखादा लागून जातो. शिकायला काही मिळत नाही.

त्याऐवजी प्रत्येक स्पर्धेला दहा जोड्या. क्रमवारीत जवळजवळ असलेले दोन खेळाडू घ्यायचे आणि पहिला दुसऱ्याच्या पुढं संपवेल याची टक्केवारी लिहायची. जोड्या दर आठवड्याला वेगळ्या माणसानं लावायच्या, नाहीतर एकच जण आपल्या ओळखीची नावं घुसडतो. बुधवारी रात्री दहाला सगळ्यांनी ग्रुपवर टाकायच्या आणि त्यानंतर बदल नाही. वेळ भारतीयच धरा: द ओपनचा पहिला फटका आपल्याकडं गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास पडतो, मास्टर्सचा संध्याकाळी पाचनंतर.

भांडणं टाळायला चार गोष्टी आधीच ठरवून ठेवा. बरोबरी झाली तर जोडी रद्द. एकाला कट लागला (दोन फेऱ्यांनंतर मागं राहिलेल्यांना घरी पाठवतात, तो हा कट; दुकानदाराची कट वेगळी) आणि दुसरा शनिवारी खेळला तर दुसरा जिंकला. दोघांनाही कट लागला तर दोन फेऱ्यांची बेरीज बघायची. खेळायला सुरुवात केल्यावर माघार घेतली तर हार, आधीच घेतली तर जोडी रद्द.

कटचा नियम प्रत्येक स्पर्धेचा वेगळा, तो बघूनच जोड्या लावा. पीजीए टूरच्या (अमेरिकेतली व्यावसायिक स्पर्धांची मालिका) नेहमीच्या स्पर्धेत दोन फेऱ्यांनंतर पहिले ६५ आणि त्यांच्या बरोबरीचे पुढं जातात, मास्टर्सला ५०, यूएस ओपनला ६०, द ओपन आणि पीजीए चॅम्पियनशिपला ७०. मोठ्या बक्षिसाच्या काही स्पर्धांना कटच नसतो.

टक्केवारी कुठून आणायची

पहिलं सरसपण, मग मैदान, मग हवा. क्रम उलटा केलात तर फसाल. टीव्हीवरचे सगळे उलटाच सांगतात, कारण हवेवर बोलायला सोपं.

सरसपणासाठी क्रमवारीपेक्षा "स्ट्रोक्स गेन्ड" बघा. कोलंबिया विद्यापीठाचे मार्क ब्रॉडी यांनी मांडलेला हा हिशेब पीजीए टूरनं २०११ मध्ये पटिंगपासून स्वीकारला. कल्पना साधी आहे. आठ फुटांवरून व्यावसायिक खेळाडू साधारण निम्म्या वेळा पट घालतो, म्हणजे तिथून सरासरी दीड फटका लागतो. एकात घातला तर अर्धा फटका कमावला, दोन लागले तर अर्धा गमावला. अशी प्रत्येक फटक्याची कमाई चार खात्यांत मांडतात: टीवरून (होलचा पहिला फटका), ग्रीनकडं (भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीकडं) मारलेला, ग्रीनच्या आसपासचा, आणि पट. सगळे आकडे टूरच्या संकेतस्थळावर फुकट आहेत.

यात कामाची गोष्ट अशी की पटची कमाई टिकत नाही. एखादा खेळाडू गेल्या आठवड्यात पटवर सहा फटके कमावून तिसरा आला, तर तो पुढच्या आठवड्यात पुन्हा कमावेल यावर फार विसंबू नका. ग्रीनकडं मारलेल्या फटक्यांत कमावले असतील तर मात्र मान द्या. "कालच तिसरा आलाय की" म्हणणाऱ्याला विचारायचं, कुठल्या खात्यातून? आमच्यातला सराफी दुकानात बसणारा मित्र याला "सोनं की मुलामा" म्हणतो. एका आठवड्यावर जाऊ नका, किमान सहा महिन्यांच्या फेऱ्या घ्या.

दोघांच्या सरासरीतला फरक हातात आला की मघाचं गणित लावा. चार फेऱ्यांसाठी: फरक शून्य तर ५०, अर्धा फटका तर साठ, एक फटका तर सत्तर. मधलं अंदाजानं. हा पाया. आता यात मैदान आणि हवा मिळून तीन-चार टक्क्यांपेक्षा जास्त हलवायचं नाही, असा आमचा नियम आहे.

मैदानाचं उदाहरण दिल्लीचं घेऊ, आपल्या घरचं. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्ली गोल्फ क्लबवर डीपी वर्ल्ड इंडिया चॅम्पियनशिप झाली. तिथला लोधी कोर्स अरुंद, दोन्हीकडं दाट झाडी. चेंडू आत गेला की तो शोधत बसण्यापेक्षा सोडून दिलेला बरा. लांब मारणारा म्हणून ज्याची ख्याती त्या मॅकलरॉयनं ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारायची काठी, वापरणारच नाही असं आधीच सांगून टाकलं. जिंकला टॉमी फ्लीटवूड, नेमकेपणासाठी ओळखला जाणारा. लांबीचा फायदा ज्या मैदानावर मिळतच नाही तिथं लांब मारणाऱ्याचे दोन टक्के काढून घ्या. उलट ऑगस्टाला लांबी लागतेच, वर अनुभवही: तिथं पहिल्याच खेपेला आलेला खेळाडू जिंकल्याला १९७९ नंतर, फझी झोलरनंतर, मुहूर्त लागलेला नाही. तरी फार वाहवत जाऊ नका. २०२३ ची द ओपन ब्रायन हारमननं सहा फटक्यांनी जिंकली, लांबीत तो बहुतेकांच्या मागं. आणि त्याच स्पर्धेत आपला शुभंकर शर्मा आठव्या क्रमांकाच्या बरोबरीत संपवून आला, ते कुणाच्याच वहीत नव्हतं.

हवेचा प्रश्न मुख्यतः द ओपनला येतो. गुरुवारी सकाळी खेळणारे शुक्रवारी दुपारी खेळतात, दुसरी तुकडी उलट. समुद्रावरचा वारा गुरुवारी दुपारी सुटला आणि शुक्रवारी सकाळी पडला नाही, तर एका तुकडीचं दोन्ही दिवस वाटोळं होतं. म्हणून जोडीतले दोघं वेगवेगळ्या तुकडीत असतील तर टी-टाइम (खेळ सुरू करायची वेळ) आणि तिथल्या हवामान खात्याचा वाऱ्याचा अंदाज एकदा बघून घ्या. एकाच तुकडीत असतील तर हवा विसरा, दोघांना सारखीच लागणार.

बातम्यांचं काय? दुखापतीची खरी बातमी असेल तर वजन द्या. बाकी गोंगाट. मे २०२४ मध्ये पीजीए चॅम्पियनशिपच्या दुसऱ्या फेरीच्या सकाळी शेफलरला मैदानाबाहेर पोलिसांनी धरून नेलं, नंतर ते आरोप मागं घेतले. त्या दिवशी सुटून येऊन त्यानं ६६ मारले.

आणि आपल्या माणसाचं प्रेम. अनिर्बान लाहिरी २०२२ च्या प्लेयर्स चॅम्पियनशिपमध्ये एका फटक्यानं दुसरा आला तेव्हापासून आमच्यातला एक त्याला प्रत्येक जोडीत पासष्ट देतो. मी स्वतः उदयन माने टोकियो ऑलिंपिकला उतरला तेव्हा पुण्याचा म्हणून असाच वाहवलो होतो. वहीत याला आता "देशभक्तीचा कर" असं वेगळं नाव आहे.

दंडाचा हिशेब

गोल्फसारखंच, कमी तो पुढं. जोडीत जो जिंकला त्याला तुम्ही किती टक्के दिले होते ते बघा, शंभरातून वजा करा, उरलेल्याचा वर्ग करा, शंभरनं भागा. सत्तर दिले आणि तो जिंकला: तीसचा वर्ग नऊशे, दंड ९. सत्तर दिले आणि हरला, म्हणजे जिंकणाऱ्याला तुम्ही तीस दिले होते: सत्तरचा वर्ग, दंड ४९. पन्नास लिहिलं की काहीही झालं तरी २५. नव्वद लिहून तोंडावर आपटलात तर ८१.

या हिशेबाची खुबी अशी की मनात जे आहे तेच लिहिणं फायद्याचं पडतं. शेखी मिरवायला वाढवून लिहिलं तर कधी ना कधी ८१ बसतात. घाबरून सगळीकडं पन्नास लिहिलं तर सरासरी २५ वरच राहते. पंचवीसच्या वर सरासरी म्हणजे नाणं उडवणारा तुमच्यापेक्षा शहाणा. माझी पहिल्या वर्षी सव्वीस होती. दहा वर्षं गोल्फ बघतोय या माजावर मी सगळीकडं ऐंशी लिहीत होतो.

सहा महिन्यांनी एक संध्याकाळ काढून दुसरा हिशेब करा. ज्या ज्या वेळी तुम्ही सत्तरच्या आसपास लिहिलं त्या सगळ्या जोड्या बाजूला काढा आणि किती खरोखर आल्या ते मोजा. पन्नास जोड्यांतल्या पस्तीसच्या आसपास आल्या तर तुमचं सत्तर हे सत्तर आहे. अठ्ठावीस आल्या तर तुमचं सत्तर म्हणजे छप्पन्न, पुढच्या वेळी तेवढं उतरवून लिहा. वीस-पंचवीस जोड्यांवर मात्र निष्कर्ष काढू नका, तेवढ्यात नशीबच बोलतं.

जमलं तर एक रकाना भावाचाही ठेवा: छापून आलेल्या भावातून दुकानदाराची कट काढून टाकून उरलेली टक्केवारी. दोन्ही बाजूंची बेरीज १०४.८ असेल तर प्रत्येकीला १.०४८ नं भागायचं, बस्स. त्या रकान्याचाही दंड मोजा, जणू तो तुमच्यातलाच एक गडी. गेल्या दोन वर्षांत आमच्यातल्या सातपैकी एकीलाच त्या गड्याच्या पुढं जाता आलं. ती माझी वहिनी. तिनं गोल्फ कधी पाच मिनिटांपेक्षा जास्त बघितलेलं नाही. आकड्यांतला फरक काढते, पंचावन्न-साठच्या पुढं सहसा जात नाही, आणि मास्टर्सच्या पहाटे गाढ झोपलेली असते. फेटा सध्या तिच्या खोलीत आहे.